वसतिगृह, कॉट, फ्लॅट की अप-डाऊन? विद्यापीठाच्या वर्षावर बेतलेला हिशेब

पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलासाठी जागा बघताना घरचे आधी विचारतात, महिन्याचं भाडं किती? आमच्या मते त्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी: शेवटचा पेपर आणि शेवटची तोंडी परीक्षा कधी, आणि त्या दिवसापर्यंत ही जागा हातात राहणार का? भाड्यात पाचशे रुपये इकडेतिकडे झाले तर वर्ष निभतं. ऐन परीक्षेत खोली रिकामी करावी लागली तर सत्र जातं.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दोन्ही सत्रांच्या तारखा परिपत्रक काढून जाहीर करतं आणि पुणे, अहिल्यानगर, नाशिक जिल्ह्यांतली संलग्न महाविद्यालयं त्यावरून आपापली दिनदर्शिका बेततात. स्वायत्त महाविद्यालयं परीक्षा स्वतः घेतात, त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन कॉलेजांच्या सुट्ट्या जुळत नाहीत. ढोबळमानाने पहिलं सत्र जून-जुलैपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत आणि दुसरं डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिल-मेपर्यंत. पण दिनदर्शिकेत ‘सत्र समाप्ती’ लिहिलेलं असतं ते शिकवणं संपल्याचं. प्रॅक्टिकल, तोंडी, लेखी हे सगळं त्याच्या मागेपुढे लांबत जातं. इंजिनिअरिंगसारख्या कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश होणाऱ्या अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षाचे वर्ग वरच्या वर्गांपेक्षा उशिरा भरतात, म्हणून त्यांचं दुसरं सत्रही मागे रेंगाळतं. सीनिअर मेमध्ये मोकळा झाला म्हणून आपणही होऊ, असं धरून चालू नका.

२०२६-२७ साठी सण आधीच मांडून ठेवा. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला आहे आणि पालख्या पुण्यात येतील त्या जुलैमध्ये, म्हणजे कॉलेजं सुरू होण्याच्या सुमारास. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरात झाली होती. यंदा ती हिवाळी परीक्षांच्या हंगामात येते, म्हणून गेल्या वर्षीचा अनुभव सांगणाऱ्याचं ऐका, पण तारखा स्वतः तपासा.

वसतिगृह

कॉलेजच्या वसतिगृहाची फी शैक्षणिक वर्षाची असते, कॅलेंडर वर्षाची नव्हे. हाच त्याचा फायदा आणि हीच अडचण. परीक्षा पुढे गेली तर वसतिगृह सहसा परीक्षार्थींना ठेवून घेतं, कारण कॉलेजलाही तेच वेळापत्रक लागू असतं. मात्र उन्हाळ्यात खोली पूर्ण रिकामी करावी लागते आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा गुणवत्ता यादी. एखादा विषय राहिला तर जागा मिळेलच असं नाही. मे-जूनमध्ये पुण्यात इंटर्नशिप करायची असेल तर ते दोन महिने कुठे काढायचे, हे जानेवारीतच ठरवा.

आणखी एक मेख सुरुवातीलाच असते. वसतिगृहाची यादी कॉलेज प्रवेशानंतर लागते, कधीकधी वर्ग सुरू झाल्यावर. मधल्या आठवड्यांसाठी महिन्याच्या बोलीवर कॉट घ्या. त्या घाईत अकरा महिन्यांच्या करारावर सही करू नका.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये. रक्कम खात्यात यायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या सत्राचा खर्च घरून करायची तयारी ठेवूनच जागा निवडा. गरजू आणि कष्टाळू मुलांनी विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांची चौकशी निकालाच्या आठवड्यातच करावी. तिथे कमवा आणि शिका ही रोजच्या जगण्याची रीत आहे.

कॉट बेसिस

एक कॉट, एक कपाट, सामाईक बाथरूम. सदाशिव, नारायण, नवी पेठेत अभ्यासिकांच्या आसपास अशा जागा आहेत, कात्रज-धनकवडीकडे इंजिनिअरिंगची मुलं आणि कर्वेनगरकडे मुली जास्त. सत्राच्या वेळापत्रकाला सगळ्यात जुळवून घेणारी सोय हीच, कारण बहुतेक ठिकाणी एक महिन्याची नोटीस दिली की सुटका होते. नोटीस कुठल्या तारखेला द्यायची ते मात्र विचारा. ‘महिना’ म्हणजे पहिली तारीख ते अखेर, असं मालक धरत असतील तर ५ मेला दिलेली नोटीस जूनअखेरपर्यंत भाडं घेऊन जाते. डिपॉझिट शेवटच्या महिन्याच्या भाड्यात वळतं होणार की रोख परत मिळणार, रंगकामाचे किती कापणार, हे मेसेजवर लिहून घ्या.

पेठांमधल्या खोलीबद्दल एक सांगायलाच हवं. गणपतीचे दहा दिवस तिथे अभ्यास होत नाही आणि अंतर्गत परीक्षा बहुधा त्याच सुमारास असतात. विसर्जनाच्या दिवशी तर मध्य भागातले रस्ते बंद असतात. त्या काळापुरती मित्राची खोली किंवा कॉलेजचा वाचनकक्ष आधी बघून ठेवा.

कॉटबरोबर मेस आली. इथे हिशेब करणाऱ्याचे पैसे खरोखर वाचतात. तीस दिवसांची साठ जेवणं, त्यातून रविवारची संध्याकाळ बंद म्हणजे चार वजा, उरली छप्पन. समजा मासिक दर ३,६०० रुपये आणि सुट्या ताटाचं कूपन ८० रुपयांना आहे. मग महिन्यात ४५ जेवणांवर दोन्ही सारखं पडतं. त्याहून कमी जेवणार असाल तर कूपनच घ्या. ऑगस्ट, सप्टेंबर, फेब्रुवारी हे मासिक मेसचे महिने. दिवाळीचा आणि सत्रांमधल्या सुट्टीचा महिना कूपनचा. मासिकवाल्यांनी खाड्यांचा नियम पहिल्याच दिवशी विचारावा: सलग किती दिवस जेवायला आलो नाही तर खाडे धरतात, म्हणजे त्या दिवसांचे पैसे वजा करतात, आणि आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगायचं. बऱ्याच मेसमध्ये एका-दोन दिवसांचे खाडे धरत नाहीत, त्यामुळे शनिवार-रविवार गावी जाणाऱ्याचे ते पैसे बुडतात. कार्डावर रोजची खूण समोर उभं राहून करून घ्या. महिनाअखेरीचे वाद त्या कोऱ्या चौकोनांवरूनच होतात.

फ्लॅट

चौघांनी मिळून घेतला तर माणशी स्वस्त, स्वयंपाकाची मोकळीक, रात्री जागायलाही कुणाची आडकाठी नाही. पण करार अकरा महिन्यांचा. १ जुलैपासून केला तर ३१ मेला संपतो आणि उन्हाळी परीक्षा आत बसते. १५ जूनपासून केला तर १४ मेला संपतो, आणि तोंडी परीक्षा त्याच आठवड्यात आली की मालकाच्या दारात उभं राहावं लागतं. पंधरा दिवस उशिरा सुरू करायची विनंती भाडं कमी करण्याच्या विनंतीपेक्षा लवकर मान्य होते.

करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही. समजा भाडं २४,००० आणि डिपॉझिट ६०,००० आहे. अकरा महिन्यांचं भाडं २,६४,०००, त्यात डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवून त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट याहून फार जास्त सांगत असेल तर ती त्याची मजुरी आहे, सरकारी फी नव्हे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरली गेली का, तेही बघा. ‘लॉक-इन’, म्हणजे ज्याआधी जागा सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा, हे कलम चौघांनी मोठ्याने वाचा.

फ्लॅट फसतो तो मात्र वेगळ्याच कारणाने. सोबतीला चांगले मित्र असतात, पण परीक्षा एका वेळी नसतात. सीए इंटरमिजिएटच्या परीक्षा आता वर्षातून तीनदा होतात, एम.टेक.साठीच्या गेटची फेब्रुवारीत, विद्यापीठाची एप्रिल-मेमध्ये. एकाची परीक्षा संपते तेव्हा दुसऱ्याची सुरू होते. एक मार्चमध्ये नोकरी लागून निघून जातो आणि तीन महिन्यांचा त्याचा वाटा उरलेल्यांवर येतो. एकाच विद्यापीठाचे, शक्यतो एकाच वर्षाचे सोबती घ्या. ‘मधेच जाणाऱ्याने बदली माणूस द्यायचा, नाहीतर वाटा भरायचा’ असं सुरुवातीलाच कागदावर लिहा.

अप-डाऊन

तळेगाव, लोणावळा, दौंड किंवा सासवडकडून रोज येणाऱ्यांना भाडं नाही आणि दिवाळीच्या तिकिटाची काळजीही नाही. एसटीच्या विद्यार्थी पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे. रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत मोफत मिळतो. खरा खर्च हजेरीत असतो. दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) लेखी विषय म्हणजे तीस तास: त्यात सात तास बुडाले तरी लागणारी ७५ टक्के हजेरी टिकते, आठवा बुडाला की गेली. एका श्रेयांकाचं प्रॅक्टिकल म्हणजे तीस तास, दोन-दोन तासांच्या पंधरा पाळ्या. तीनच बुडवता येतात. चौथ्या पाळीला तुम्ही ७३ टक्क्यांवर येता आणि टर्म मंजूर होण्याचा प्रश्न उभा राहतो. पावसाळ्यात लोकल रखडली की नेमकी सकाळची बॅच जाते. कला-वाणिज्यच्या मुलांना हे झेपतं. प्रयोगशाळेचे विषय असतील तर दुपारची बॅच मागून घ्या, आणि सबमिशन ते शेवटचा पेपर एवढे चार-पाच आठवडे तरी महिन्याच्या बोलीवर पुण्यात कॉट घ्या. विज्ञान-इंजिनिअरिंगसाठी हीच जोडसोय आम्हाला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

लांबच्यांनी, म्हणजे नागपूर, गोंदिया, नांदेड, लातूरकडच्यांनी, एक तारीख लिहून ठेवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. शुक्रवार, ६ नोव्हेंबरच्या गाडीचं ७ सप्टेंबरला. तेव्हा परीक्षेचं अंतिम वेळापत्रक बहुधा लागलेलं नसतं. तरी तिकीट काढा; तारीख बदलली तर रद्द करण्याचे थोडे पैसे जातील, पण जागा हातची जाणार नाही. गावी जाण्याची विद्यार्थी सवलत स्लीपरला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के आहे. तिचा फॉर्म कॉलेजच्या कार्यालयातून घेऊन आरक्षणाच्या खिडकीवर द्यावा लागतो, म्हणून तो गणपतीच्या सुट्टीआधीच मागून ठेवा.