टोकियो डिस्नीसी: झकास आहे, पण बाकीच्या सुट्ट्यांची पार वाट लावते

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी पाच. आणि तरी हा रिव्ह्यू म्हणजे अर्धी तक्रारच आहे. कारण या थीम पार्कात जायची सवय लागली ना की पुढच्या प्रत्येक ट्रिपला नवरा, मुलगी आणि खोटं कशाला बोलू मीसुद्धा, सगळे इन्स्पेक्टर होऊन फिरतो. हॉटेलात शिरलं की आधी टॉयलेट बघायचं, रांग दिसली की कुठे सुरू होते आणि किती वेळ लागेल हे कुणी लिहिलंय का शोधायचं, आणि नसेल लिहिलं तर तोंडं वाकडी. सुट्टीवर आलोय की ऑडिटला, असं सासूबाईच एकदा म्हणाल्या.

थोडी माहिती देते, कारण आम्ही राहतो इथेच टोकियोच्या बाजूला आणि पुण्या-मुंबईहून येणारी प्रत्येक पाहुणी मंडळी हेच विचारतात, की डिस्नीलँड का डिस्नीसी. दोन्ही एकमेकांच्या शेजारी आहेत पण तिकीट वेगळं. नावात टोकियो असलं तरी दोन्ही टोकियोत नाहीतच, शेजारच्या चिबामधल्या उरायासू शहरात आहेत, समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर. डिस्नीलँड १९८३ चं, अमेरिकेबाहेरचं पहिलं. डिस्नीसी २००१ च्या सप्टेंबरमध्ये उघडलं. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं की हे डिस्नीच्या मालकीचं नाहीच, ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी आहे, ती डिस्नीला रॉयल्टी देते आणि सगळं स्वतः बांधते, चालवते. ग्यानबाची मेख तिथेच आहे असं माझं मत. कल्पना अमेरिकेची आणि राबवणारे जपानी, मग काय होणार.

लहान मुलं असतील तर डिस्नीलँड, पण माझ्यासारख्या पाळण्यात बसलं की पोटात गोळा येणाऱ्या बाईला विचाराल तर डिस्नीसी. इथे एकाही राईडमध्ये नाही बसलात तरी दिवस पुरत नाही. आत शिरलं की समोर इटलीतलं बंदर, त्याच्या मागे ५१ मीटर उंचीचा ज्वालामुखी, आणि तो दिवसातून अधूनमधून खरंच धडधडतो, वर ज्वाळा वगैरे. त्या ज्वालामुखीच्या पोटातून एक राईड जाते, मी बाहेर बॅगा सांभाळत बसते. पुढे चालत गेलं की जुनं न्यूयॉर्क, तिथे धक्क्याला एक भलीमोठी आगबोट उभी, तिच्या डेकवर फुकट जाता येतं आणि तिथून बघितलं की खरा टोकियो बे दिसतो, म्हणजे पार्कातलं पाणी कुठे संपलं आणि खरा समुद्र कुठे सुरू झाला ते पटकन कळतच नाही. हे मुद्दाम तसं बांधलंय. मग जंगल, मग अरबस्तान, मग जलपऱ्यांचं. आणि २०२४ च्या जूनमध्ये फँटसी स्प्रिंग्ज नावाचा नवा भाग उघडला, त्यावर सुमारे ३२० अब्ज येन खर्च केलेत. आकडा वाचून नवरा म्हणाला, अगं एवढ्यात आपल्याकडे मेट्रो झाली असती. प्रत्येक गोष्टीत मेट्रो.

बारकाईने बघायची हौस असेल तर इटलीवाल्या भागातल्या भिंती बघा. वरच्या मजल्यावरच्या कितीतरी खिडक्या खऱ्या नाहीत, रंगवलेल्या आहेत, त्यांच्या चौकटी रंगवल्यात, चौकटीची सावली रंगवलीये. ज्वालामुखीजवळच्या लोखंडी पायपांवरचा गंजसुद्धा रंगवलेला. म्हणजे गंज चढू नये म्हणून जीव काढायचा आणि मग वरून गंज रंगवायचा. मी पहिल्यांदा हात लावून बघितला होता, बोटाला काही लागलं नाही.

आता मूळ मुद्दा. या जागेने आमचं काय वाटोळं केलं ते सांगते.

व्हेनिसला गेलो होतो. आयुष्यभराचं स्वप्न वगैरे. आता डिस्नीसीत गोंडोला आहे, तिकिटातच, वल्हवणारे दोघं हसतमुख, गाणं म्हणतात, एका पुलाखालून जाताना सगळ्यांना मनात इच्छा धरायला सांगतात. खऱ्या व्हेनिसला सरकारी दर अर्ध्या तासाचे ९० युरो. बसलो. आमचा गोंडोलावाला चांगला होता बिचारा, पण गायला नाही, वळणावर दुसऱ्या गोंडोलावाल्याशी काहीतरी घरचं बोलत होता. मुलीने पाच मिनिटं वाट बघितली आणि मोठ्याने विचारलं, "आई, हे काका गाणार कधी?" मग म्हणे पाण्याला वास येतो. मग म्हणे इथल्या भिंतींचा रंग गेलाय. अगं बाई, पाचशे-सहाशे वर्षांच्या भिंती आहेत त्या! पण तिच्या डोक्यात ओरिजिनल कुठलं आणि कॉपी कुठली याची उलटापालट झालेली, तिने उरायासूचं व्हेनिस आधी बघितलं ना. नवऱ्याने तिला समजवायला घेतलं, आणि मग हळूच मला म्हणाला, वास येतोय पण.

हाकोनेला तेच. टोकियोपासून जवळ, जाऊन येऊन होतं. तिथे आशी तलावात समुद्री चाच्यांच्या जहाजासारख्या सजवलेल्या बोटी फिरतात आणि वर रोपवेने ओवाकुदानीला गेलं की खरा जिवंत ज्वालामुखीचा परिसर, पिवळी माती, जमिनीतून वाफा, गंधकाचा भपका. तिथे गरम पाण्यात उकडलेली काळी अंडी मिळतात, एक खाल्लं की सात वर्षं आयुष्य वाढतं म्हणे. आम्ही सगळे भारावून बघतोय आणि बाईसाहेब विचारतात, "हा किती वाजता फुटतो?" शेजारच्या भारतीय काकू माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी पोरीला काय शिकवलंय.

आणि भारतात आलो की तर विचारूच नका. मागे आपल्याकडच्याच एका हिल स्टेशनला गेलो, नाव नाही घेत, सासर-माहेर दोन्हीकडची माणसं दुखावतील. सनसेट पॉइंटला ही गर्दी, गाड्या, घोडेवाले, हॉर्न. मुलीने विचारलं इथे पास घ्यायचा का स्टँडबाय, म्हणजे साधी रांग, आहे. नवरा टॉयलेटची चावी कोणाकडे मिळते ते शोधत हिंडत होता. मी कचऱ्याचा डबा शोधत कणसाचं बुटुक हातात घेऊन अर्धा तास उभी. आणि सासूबाई? त्या बाकावर बसून तिखटमीठ लावलेलं कणीस खात होत्या, घोडेवाल्याच्या घरी किती माणसं आहेत ते विचारून झालं होतं, सूर्य त्यांनी नीट बघितला, आम्ही तिघांनी नाही बघितला. ढगात गेला असं ऐकलं.

तर आता डिस्नीसीत असं काय असतं की बाकी सगळं फिकं पडतं, ते राईडचं नाहीये हो. राईड कुठेही चांगल्या असतात. लहानपणी गोराईच्या जेट्टीवरून एस्सेलवर्ल्डला जायचो तेव्हा ती बोट लागायच्या आधीच आम्ही अर्धे खूश झालेलो असायचो, आणि खोपोलीच्या इमॅजिकात भाच्यांबरोबर मजाच केली. फरक आहे तो मधल्या वेळेचा. रांगेत उभं असताना, चालताना, पाणी पिताना, पाऊस आल्यावर, मूल रडायला लागल्यावर, या सगळ्या वेळांचा कुणीतरी आधी विचार करून ठेवलेला असतो. ॲपवर प्रत्येक राईडचा वेटिंग टाइम, आणि बोर्डावर ७० मिनिटं लिहिलंय तर आमचा नंबर बहुतेक वेळा त्याच्या आत लागलाय. बाबागाड्या बाहेर ठेवायच्या, स्टाफ त्या एका रेषेत लावून ठेवतो. बंदरातल्या शोसाठी लोक आधीपासून छोट्या चटया अंथरून बसतात, पुढचे बसूनच राहतात म्हणजे मागच्यांना दिसतं, आणि कोणी मध्येच उठून मोबाइल उंच धरला तर स्टाफ येऊन इतक्या गोड आवाजात खाली बसवतो की माणूस लाजूनच बसतो.

झाडूवाले तर बघण्यासारखे. इथे त्यांना कस्टोडियल म्हणतात, पांढरे कपडे, हातात लांब दांड्याचा झाडू आणि सुपली. पॉपकॉर्न सांडलं की वळून बघेपर्यंत गायब. आणि फुरसत मिळाली की हीच माणसं झाडू पाण्यात बुडवून जमिनीवर मिकी काढतात. सासूबाई आल्या होत्या तेव्हा एका मुलाने त्यांच्यासमोर काढला, आधी दोन कान, मग एका झटक्यात चेहरा, हात न उचलता. त्या कंबरेवर हात ठेवून बघत होत्या आणि म्हणाल्या, "आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो, हा बिनठिपक्यांची काढतोय बघ." उन्हात तो मिकी पाच मिनिटांत वाळून गेला तोपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. राईड एकही आठवत नाही त्यांना, हे आठवतं, सांगलीत सगळ्यांना सांगून झालंय.

हा विचार नुसता वरवरचा नाही हे ११ मार्च २०११ ला कळलं. मोठा भूकंप झाला तेव्हा दोन्ही पार्कांत मिळून सुमारे ७० हजार माणसं होती. स्टाफने दुकानांतली सॉफ्ट टॉईज लोकांना डोक्यावर धरायला वाटली, थंडी होती तर प्लॅस्टिकच्या पिशव्या वाटल्या, ट्रेन बंद म्हणून हजारो लोक रात्रभर आतच राहिले. उरायासू शहरात भरावाची जमीन अक्षरशः पातळ होऊन वर आली, रस्ते खचले, पार्कचं पार्किंगही खराब झालं, पण आतला भाग वाचला, कारण बांधतानाच खाली वाळूचे खांब ठोकून जमीन घट्ट केलेली होती. म्हणजे जो माणूस खिडकीची सावली रंगवतो तोच जमिनीखालीही बघतो. आमच्या बिल्डिंगमधले जुने मराठी लोक अजून त्या दिवसाच्या गोष्टी सांगतात.

खाण्याचं बोलू. शुद्ध शाकाहारी असाल तर घरून डबा नाहीतर मानसिक तयारी, जपानभर हाच प्रकार आहे, भाजीच्या सूपमध्येसुद्धा मासा असतो. अंडं-चिकन चालत असेल तर अरेबियन कोस्टमधलं, म्हणजे त्या अरबस्तानवाल्या भागातलं, कॅसबा फूड कोर्ट बघा, तिथे करी, नान, भात. आपल्यासारखी चव अपेक्षित धरू नका, जपानी जिभेची आहे, पण तीन दिवस सुशी बघून कंटाळलेल्या सासऱ्यांनी ताट चाटून पुसून खाल्लं. तिथेच बाहेर करी पॉपकॉर्नचा वास येतो, तो वास म्हणजे साक्षात फोडणी. पॉपकॉर्नची गळ्यात अडकवायची बकेट एकदा घेतली की रिफिल स्वस्त पडतं, आमच्या घरात त्या बकेटमध्ये आता कांदे असतात.

आणि तिथेच शेजारी सिंदबादची बोटीची राईड आहे, ती चुकवू नका. फार गर्दी नसते, भीती शून्य, शंभरेक हलत्याबोलत्या बाहुल्या, एक गाणं डोक्यात बसतं ते आठवडाभर जात नाही. सिंदबादबरोबर एक वाघाचं पिल्लू आहे त्याचं नाव चंदू. हो, चंदू. जपानी मुली त्याचं सॉफ्ट टॉय खांद्यावर बसवून "चांदू, चांदू" करत फिरतात आणि माझ्या नवऱ्याच्या चुलत भावाचं नाव चंदू असल्यामुळे आमच्या घरात प्रत्येक वेळी हसून हसून मुरकुंडी वळते.

पैसे. मोठ्यांचं एक दिवसाचं तिकीट २०२३ च्या ऑक्टोबरपासून तारखेप्रमाणे ७,९०० ते १०,९०० येन, चार वर्षांखालच्यांना फुकट. पूर्वी वार्षिक पास असायचा, कोविडच्या वेळी बंद केला तो केलाच. गर्दीच्या राईडसाठी वेगळे पैसे भरून रांग टाळता येते, माणशी १,५०० ते २,५०० येन, एका राईडचे. मला हा प्रकार आवडत नाही, सगळ्यांना सारखी रांग यातच या जागेची गंमत होती. चार जणांच्या कुटुंबाचा दिवसभराचा खर्च काढलात तर तेवढ्यात कोकणात दोन-तीन दिवस आरामात निघतात, आणि कोकणात मासे चांगले मिळतात.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. जपान ट्रिपमध्ये डिस्नीसी शेवटच्या दिवशी ठेवा, पहिल्या दिवशी नको. क्योटोची देवळं, हाकोने, फुजी सगळं आधी बघून घ्या, निवांत मनाने. नंतर बघितलंत तर देवळाबाहेर मुलं ॲप उघडून बसतील. इटलीला जायचा बेत असेल तर तर नक्कीच आधी इटली.

जायचं कसं: टोकियो स्टेशनवरून केइयो लाइनने माइहामा, प्रवास पंधराएक मिनिटांचा पण टोकियो स्टेशनात तो प्लॅटफॉर्म इतका लांब आहे की चालतानाच पाय दुखतात, वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर तेवढा वेळ धरा. आमच्या बाजूला कुणाकडे उतरला असाल तर कासाई किंवा उरायासू स्टेशनवरून बस पकडा, बसायला जागा मिळते. शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्या टाळा. नऊची वेळ लिहिलेली असली तरी त्याआधी गेटवर पोहोचा, गेट बरेचदा आधीच उघडतं. खरेदी दुपारीच उरकून लॉकरमध्ये टाका, रात्री शो सुटल्यावर दुकानांत पाय ठेवायला जागा नसते.