आठ महिन्यांसाठी पुणं सोडताय? सामान घरातच, गावाला की स्टोरेजमध्ये

प्रोजेक्टसाठी हैदराबाद-चेन्नईला जायचं ठरलं की तिकडच्या राहण्याचं कसंतरी जमतं, खरा घोळ इकडच्या भाड्याच्या वन बीएचकेत भरलेल्या पसाऱ्याचा असतो. उदाहरणाला समजा भाडं १८ हजार आणि मुक्काम ८ महिने, तुम्ही तुमचे आकडे टाकून बघा.

आधी एक आकडा काढा, तो म्हणजे हे सगळं सामान आज विकलं तर किती येतील. घेतलं तेव्हाची किंमत धरू नका, ते पैसे गेले. चाळीस हजारांच्या सोफ्याला ओएलएक्सवर लोक आठ-दहा हजार म्हणतात आणि वर "फायनल किती" विचारतात. समजा सगळं मिळून ७० हजार भरले, आता पुढचं सगळं याच्याशी लावून बघायचं.

घर तसंच कुलूप लावून ठेवलं तर ८ महिन्यांचं भाडं १ लाख ४४ हजार, म्हणजे सामानाच्या दुप्पट, शिवाय एक युनिट न जाळता महावितरणचा स्थिर आकार आहेच. तरी लोक हेच करतात कारण यात काही हलवावं लागत नाही. मुलांची शाळा इथेच असेल, दर पंधरा दिवसांनी येणं होणार असेल किंवा भाडं जुनं आणि खरंच कमी असेल तर ठीक, नाहीतर मला हा निव्वळ आळसाचा खर्च वाटतो. मित्राला ठेवून अर्धं भाडं काढायचं असेल तर मालकाला सांगून, करारात त्याचं नाव घालून आणि पोलीस व्हेरिफिकेशन करूनच, गुपचूप नको. आणि ११ महिन्यांचा करार नेमका मध्येच संपतोय का, लॉक-इन (म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत) किती आहे, हे आजच बघा.

गावाला पाठवणं स्वस्त, छोटा हत्ती जायचा-यायचा आणि हमाली, बास. पण गाव कुठलं यावर सगळं आहे. साताऱ्याकडे, फलटणला कोरडी खोली असेल तर डोळे झाकून पाठवा. कोकणात जून ते सप्टेंबर बंद खोलीत प्लायवूड, गाद्या, पुस्तकं ठेवणं म्हणजे बुरशी आणि वाळवीला जेवायला बोलावणं. सांगली-कोल्हापूरला २०१९ मध्ये आणि चिपळूणला जुलै २०२१ मध्ये ज्यांनी पाणी बघितलंय ते तळमजल्यावर काही ठेवू देणारच नाहीत, तुम्हीही ठेवू नका.

दुसरं म्हणजे नातेवाईकांकडे ठेवलेलं सामान वापरलं जातं. लग्नकार्य निघालं की तुमची गादी पाहुण्यांखाली जाणार, आणि परत आल्यावर मामींना "डाग कसला हो" विचारायची सोय नसते. त्यामुळे जे त्यांनी वापरलेलं चालेल तेच त्यांच्याकडे द्या, आणि तसं तोंडाने सांगून द्या. फ्रिज तर चालू राहिलेलाच बरा. बंद ठेवायचा असेल तर आदल्या दिवशी बर्फ उतरवून, आतून कोरडा पुसून, दारात कापडाची घडी अडकवून फट ठेवायची, नाहीतर दाराच्या रबराला काळी बुरशी धरते आणि तो वास पुढे महिनोन्‌महिने जात नाही. वॉशिंग मशीनच्या पाइपात पाणी राहतं तेही काढा. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र तशीच पडून राहिली तर मरते, ती कोणीतरी वापरणाऱ्याला देऊन टाका.

आता स्टोरेज, म्हणजे महिन्याच्या भाड्यावर सामान ठेवून घेणारं गोडाऊन. समजा महिना ३ हजार कोटेशन आलं, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,५४०, आठ महिन्यांचे २८,३२०, आणि पॅकिंग, नेणं-आणणं १२ हजार धरलं तर चाळीस हजार झाले. ७० हजारांच्या सामानाला हे जमेल कसंबसं. पण प्रोजेक्ट वाढून १४ महिने झाले (आणि प्रोजेक्ट वाढतातच) तर हाच खर्च साडेएकसष्ट हजारांवर जातो, मग विकलेलं काय वाईट होतं? फोनवर रेट विचारून थांबू नका, गोडाऊन कितव्या मजल्यावर आहे, पेस्ट कंट्रोल कधी होतं, मध्येच एक बॅग काढायला पैसे लागतात का, इन्शुरन्स कोणाच्या नावावर आणि किती रकमेचा, हे लेखी घ्या. प्रत्येक वस्तूचा फोटो त्यांच्या माणसासमोर काढा, आधीचा ओरखडा कुठला आणि नंतरचा कुठला यावरच भांडण होतं.

माझं मत विचाराल तर सगळं सामान एकाच ठिकाणी ठेवायचा हट्टच सोडा. प्लायवूडचा बेड आणि वॉर्डरोब विका, ते एकदा खोलून जोडले की स्क्रू धरत नाहीत. लोखंडी कपाट, भांडी, फ्रिज गावाला किंवा बहिणीकडे. उरलेलं चार-पाच खोक्यांचं असेल तर स्टोरेजचं छोटं युनिट परवडतं, पूर्ण घराचं क्वचितच.

दागिने, कागदपत्रं यातल्या कुठेच नकोत. बँकेचा लॉकर घ्या, १ जानेवारी २०२२ पासूनच्या आरबीआयच्या नियमांत आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याने केलेल्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट आहे, भूकंप-पुरात मात्र नाही.

गॅस सिलेंडर स्टोरेजवाले घेत नाहीत, मूव्हर्सवाले ट्रकमध्ये चढवत नाहीत. तिकडे कनेक्शन लागणार असेल तर सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून डिपॉझिट परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर मागून घ्या, नव्या शहरात तेच दाखवावं लागतं. ते काम शेवटच्या शनिवारवर ढकलू नका.