दारात गाडी लावायची: काँक्रीट ओतायचं की पेव्हर बसवायचे?

मिस्त्रीला विचारलं की तो उभ्या उभ्या दोन आकडे सांगतो. पेव्हर (जमिनीवर बसवायचे सिमेंटचे ब्लॉक) नव्वद रुपये चौरस फूट, काँक्रीट दीडशे-एकशे साठ. ऐकणारा मनातल्या मनात गुणाकार करून पेव्हरकडे झुकतो. पण हे दोन्ही भाव वरच्या थराचे. खोदाई, डेब्रिज (निघालेला राडारोडा), सोलिंग (खालचा ठोकलेला दगडांचा थर), कर्ब (कडेचे सिमेंटचे ठोकळे) हे सगळं ‘ते वेगळं होईल, साहेब’ या एका वाक्यात दडलेलं असतं, आणि मुंबईत खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. म्हणून तुलना खड्ड्यापासून करू.

हे लिहितोय ते चारकोप-गोराईच्या रो-हाऊसवाल्यांसाठी, मुलुंड-चेंबूर-पार्ल्यात अजून बंगले टिकवून असलेल्यांसाठी आणि गावठाणातल्या घरांसाठी. तळमजल्यावर फ्लॅट आहे आणि खिडकीसमोर गाडी लावायची आहे, असं असेल तर आधी सोसायटीत विचारा. ती जागा सामाईक असते. बिल्डरला उघडं पार्किंग फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय.

माप आधी ठरवू. मुंबईच्या विकास नियमावलीत मोठ्या गाडीची जागा २.५ मीटर बाय ५.५ मीटर धरलेली आहे, म्हणजे साधारण ८ बाय १८ फूट. घरच्या जागेत एका बाजूला भिंत असते आणि आजीला गाडीतून उतरवायचं असतं, तेव्हा १० बाय १८ धरा. १८० चौरस फूट. पुढचे आकडे याच मापाचे आहेत आणि ढोबळ आहेत. तुमच्या गल्लीत छोटा हत्ती टेम्पो आत येतो की माल डोक्यावरून वाहावा लागतो, यावर ते बरेच हलतात.

दोन्हीकडे सारखा असलेला खर्च आधी बाजूला काढू. फूटभर खोदाई म्हणजे १८० घनफूट, जवळपास पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), आणि उकरलेली माती फुगते ती वेगळीच. उचलून नेण्यासकट आठ ते बारा हजार. वर सहा इंच सोलिंग आणि खडी, पाणी मारून नीट ठोकलेली, पाच-सहा हजार.

आता काँक्रीट. पाच इंच जाडीला ७५ घनफूट, म्हणजे सव्वादोन घनमीटरच्या आत माल लागतो. एम-२० या दर्जाच्या काँक्रीटसाठी सिमेंटच्या सतरा-अठरा गोण्या, सात हजारांच्या आसपास. खडी आणि क्रश सँड (दगड चुरून केलेली वाळू) मिळून सहा हजार. ८ एमएमची सळई दोन्ही दिशांना आठ इंचांवर बांधली तर सत्तर किलो, साडेचार-पाच हजार. मजुरी आणि मिक्सरचं भाडं बारा ते पंधरा हजार. खोदाई-सोलिंग धरून एकूण ४५ ते ५० हजार. (सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून काम स्वस्त झालं असं कोणी सांगेल. एवढ्या गोण्यांत ती बचत पाचशे रुपयांची आहे.) आरएमसी, म्हणजे कारखान्यात कालवून गाडीने येणारं तयार काँक्रीट, मागवायचा मोह होतो, पण ती गाडी सहा घनमीटरची. तुमच्या दोन घनमीटरसाठी निम्म्याहून जास्त रिकाम्या फेरीचे पैसे भरावे लागतात, शिवाय ती गल्लीत वळली पाहिजे.

पेव्हरचं असं. ६० एमएमचा ब्लॉक हलक्या वाहनांना चालतो, पण मी ८० चाच घ्या म्हणेन. एसयूव्ही घरात आली की जागच्या जागी स्टिअरिंग वळवताना चाकाखालचे ब्लॉक पिळवटतात, आणि तिथे जाडी कामाला येते. तुटफूट धरून १९० फूट माल, तेरा हजारांच्या घरात. कर्ब पाच-सहा हजार, बसवणावळ आणि खालची कच (बारीक खडीचा चुरा) मिळून सहा-सात हजार. एकूण ३८ ते ४४ हजार. म्हणजे तोंडी भावात दिसणारी जवळपास पावणेदोन पटीची तफावत प्रत्यक्षात पाच-सात हजारांवर येते. तेवढ्यासाठी निर्णय घेऊ नका. निर्णय जमिनीखाली काय आहे ते बघून घ्या.

खाली ड्रेनेजची लाईन किंवा पालिकेच्या पाण्याचा पाइप असेल तर माझं मत सरळ पेव्हर. गळती झाली की प्लंबर वीस-पंचवीस ब्लॉक उचलतो, काम करतो, ब्लॉक परत बसवतो. काँक्रीटमध्ये ब्रेकर लावावा लागतो, आणि मग भर दारात वेगळ्या रंगाचं ठिगळ कायमचं दिसतं. ड्रेनेजचं चेंबर असेल तर त्याचं झाकण दोन्हीत बदलावं लागेल. अंगणातलं हलकं झाकण गाडीच्या चाकासाठी नसतं. आणि जमिनीखाली पाण्याची टाकी असेल तर थांबा. तिचा स्लॅब माणसं चालण्यापुरता बांधलेला असू शकतो. तिथे वरून काहीही घातलं तरी भार टाकीवरच येतो. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

दुसरा खास मुंबईचा मुद्दा रस्त्याच्या उंचीचा. समोरचा रस्ता सिमेंटचा होतो तेव्हा बऱ्याचदा चार-सहा इंच वर येतो आणि अंगण खड्ड्यात जातं. पेव्हर उचलून खाली भर घालून पुन्हा त्याच ब्लॉकांनी जागा वर घेता येते. काँक्रीटवर दुसरा थर ओतायचा तर घराचा प्लिंथ (जोतं) आडवा येतो, कारण पार्किंग प्लिंथच्या सहा इंच तरी खाली राहायला हवं. नाहीतर ओल थेट हॉलच्या भिंतीत.

मग काँक्रीट कुठे घ्यायचं? जुनी, मुरमाची, बसलेली जमीन असेल, खाली काही नसेल, आणि पुढची वीस वर्षं तिकडे बघायचं नसेल, तर तिथे. पेव्हरला देखभाल लागते. पावसाळ्यात सावलीच्या बाजूला शेवाळ धरतं, सांध्यांत गवत उगवतं, मुंग्या वाळू वर काढतात, दर वर्षी-दोन वर्षांनी सांधे भरावे लागतात. खाडीकाठच्या भरावाच्या जमिनीवर उलट चित्र दिसतं. तिथे दोन्ही खचतात, पण पेव्हर चाकांच्या दोन पट्ट्यांत खचतो आणि पुन्हा सपाट करता येतो. काँक्रीटला आरपार तडा जातो, मग एक बाजू खाली आणि एक वर.

पेव्हरमधून पाणी जमिनीत मुरतं, हे विक्रेत्याचं आवडतं वाक्य. थोडं मुरतं. पण १०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी या १८० फुटांवर सोळाशे-सतराशे लिटर पाणी पडतं, आणि जुलैत सखल भागातली जमीन आधीच भरलेली असते. त्यामुळे काहीही निवडलं तरी फाटकाकडे तीनेक इंचांचा ढाळ आणि पाणी पकडायला जाळीची चर हवीच. खरंच मुरवायचं असेल तर ग्रास पेव्हर (गवतासाठी भोकं ठेवलेले ब्लॉक) आहेत, पण गाडी चोवीस तास उभी असेल तर खालचं गवत जळतं. शहाबादी फरशी स्वस्त वाटते. गाडीखाली कोपरे तुटतात, विषय संपला.

काँक्रीट घेणाऱ्यांनी कामाच्या दिवशी घरी थांबावं. माल ओढायला सोपा जावा म्हणून मिक्सरमध्ये पाणी ओतत राहायची सवय असते. एम-२० ला एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर, म्हणजे २० लिटरच्या बादलीने दीड बादली. त्यावर ओतलेला प्रत्येक तांब्या मजबुती खातो. घराच्या भिंतीला लागून अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी आणि मध्यावर सव्वा इंच खोल सांधा, एवढ्याने तडे बरेचसे ताब्यात राहतात. वरून घोटून गुळगुळीत करू देऊ नका, झाडू ओढून खरखरीत ठेवायला सांगा. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान दहा दिवस ओलं ठेवावं लागतं, आणि नळाला तासभर पाणी येणाऱ्या वस्तीत हे सोपं काम नाही. गोणपाट अंथरून सकाळ-संध्याकाळ भिजवा. गाडी २८ दिवसांनी चढवा. तेवढे दिवस ती बाहेर लावायचा खर्च काँक्रीटच्याच खात्यात टाका. पेव्हरवर दुसऱ्या दिवशी गाडी उभी राहते.

दोन्हींत दोन इंची पीव्हीसीचा एक पाइप आडवा टाकून ठेवा. उद्या इलेक्ट्रिक गाडी आली तर चार्जरची वायर तिथून जाईल. झाड असेल तर बुंध्याभोवतीची माती उघडीच ठेवा. आणि फाटकाबाहेर फुटपाथवर किंवा गटारावर स्वतःचा उतार बांधू नका, पालिका तो तोडते. वर शेड टाकायची असेल तर तो परवानगीचा वेगळा विषय आहे, वॉर्ड ऑफिसात विचारून घ्या.

कोटेशन लेखी घ्या आणि त्यात पाच गोष्टी वेगवेगळ्या ओळींत मागा: खोदाई किती इंच, डेब्रिज कुणी न्यायचं, सोलिंग किती जाड, ब्लॉक किंवा सळई किती एमएम, कर्ब धरलेत की नाही. ‘ते वेगळं होईल’ म्हणणाऱ्याला त्याच कागदावर ते वेगळं किती होईल तेही लिहायला सांगा.