लेसर आवरायचा कशाने: ध्वनीने की विजेने?

लेसरचा झोत झटपट चालू-बंद करायला दोन साधने हमखास समोर येतात: ध्वनिलहरींवर चालणारा मॉड्युलेटर (झोताची तीव्रता बदलणारे साधन) आणि विद्युतदाबावर चालणारा पॉकेल्स सेल.

पहिल्यात टेल्युरियम डायऑक्साइडसारख्या स्फटिकाला पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे वीज दिली की कंप पावणारी, चकती जोडलेली असते. तिला दहा-वीसपासून काहीशे मेगाहर्ट्झपर्यंतचा विद्युत संकेत दिला की स्फटिकात ध्वनीचे दाट-विरळ पट्टे धावू लागतात आणि प्रकाश ठरावीक कोनात वळतो. (फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ब्रिलुआंने हे १९२२ मध्येच कागदावर मांडले होते, प्रयोगात ते दिसायला १९३२ उजाडले.) खरी गंमत हेच तत्त्व रंग निवडणाऱ्या फिल्टरमध्ये वापरले की येते. संकेताची वारंवारता बदलली की निवडला जाणारा रंग बदलतो, तोही एकही भाग न हलवता, काही मायक्रोसेकंदांत. वळलेल्या प्रकाशाची वारंवारताही ध्वनीच्या वारंवारतेइतकी सरकते. कुणाला ही कटकट वाटेल; लेसरने अणू थंड करणाऱ्यांना मात्र नेमके तेच हवे असते.

घोडे अडते वेगापाशी. ध्वनीला अख्खा झोत ओलांडावा लागतो. या स्फटिकात तो सेकंदाला सुमारे ४,२०० मीटर जातो, म्हणजे १ मिलिमीटर रुंद झोतासाठी जवळपास २४० नॅनोसेकंद. झोत बारीक केला तर वेळ वाचतो, पण वळणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण घटते.

पॉकेल्स सेल काही नॅनोसेकंदांत मोकळा होतो. त्याला सहसा हजारो व्होल्ट आणि सोबत ध्रुवक (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश पुढे सोडणारे भाग) लागतात. प्रकाशाचा एकच तीक्ष्ण स्पंद (पल्स) कापून काढायचा असेल तरच मी या खटाटोपात पडेन. रंग निवडायला किंवा तीव्रता कमी-जास्त करायला ध्वनीच बरा.