बॅटरी बदलण्याआधी मोजून दाखवणारे दुकान

चिपळूणच्या बाजारपेठेतल्या एका लहानशा बॅटरी-दुरुस्तीच्या दुकानाकडून गेल्या जूनमध्ये आम्ही जी सेवा घेतली, तिच्याविषयी मी हे लिहीत आहे. घरचा इन्व्हर्टर बंद पडला की बहुतेकांना थेट नवी बॅटरी घेण्याचा सल्ला मिळतो आणि पंधरा-सोळा हजार रुपये खर्च होऊनही मूळ दोष कधीकधी तसाच राहतो. आमच्याकडेही तेच होणार होते.

22 जुलै 2021 च्या पुरात आमचा जुना इन्व्हर्टर तळमजल्यावर पाण्याखाली गेला. त्यानंतर दिवाळीपूर्वी 150 अँपिअर-अवरची उंच ट्यूब्युलर बॅटरी आणि नवा इन्व्हर्टर घेतला, आणि पुराच्या धास्तीने दोन्ही वस्तू जिन्याच्या वरच्या टप्प्यावरच्या लाकडी कपाटात ठेवल्या. तीन पंखे, चार-पाच दिवे आणि दूरदर्शन संच एवढ्यावर तीन तास सहज निघत. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल याचा नेम नसतो, आणि सासऱ्यांना रात्री दम लागला तर नेब्युलायझर लावावा लागतो, त्यामुळे हे तीन तास आमच्या दृष्टीने चैनीचे नव्हते. यंदा मृगाचा पाऊस सुरू झाला आणि पहिल्याच रात्री वीस मिनिटांत इन्व्हर्टर शिट्टी वाजवून बंद पडला.

कंपनीकडून आलेल्या तंत्रज्ञाने झाकण उघडून पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट पाहिले, टर्मिनलवर वरूनच पेट्रोलियम जेली चोपडली आणि सेल, म्हणजे बॅटरीतला एक कप्पा, गेल्याचे सांगितले. पहिल्या 36 महिन्यांची पूर्ण बदलीची हमी संपली होती. पुढच्या काळात नव्या बॅटरीच्या किमतीत थोडी सूट मिळते, तेवढी देऊ असे तो म्हणाला. कोणता सेल गेला, हे विचारल्यावर त्याला सांगता आले नाही. सहा सेलच्या बॅटरीत नेमका कोणता सेल गेला हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि त्याने मापाचे एकही उपकरण बाहेर काढले नव्हते, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली.

बाजारपेठेतल्या दुकानातून आलेले गृहस्थ साठीचे असतील. त्यांनी आधी इन्व्हर्टरच्या मागचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि फ्यूज पाहिला, कोणता लोड इन्व्हर्टरवर आहे ते विचारले आणि कोणी नकळत फ्रिज किंवा मिक्सर त्या लाइनवर जोडला आहे का, याची खोलीखोलीतून खात्री करून घेतली. मग व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावला. लोड नसताना बॅटरी 12.1 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण चार्ज झालेली नव्हती, पण एखादा सेल पूर्ण बसला असता तर हा आकडा दोन व्होल्टने खाली आला असता. त्यानंतर मेन स्विच बंद करून सगळे पंखे सुरू केले आणि मीटरची लाल पिन थेट बॅटरीच्या शिशाच्या पोलवर, म्हणजे टर्मिनलवर, टेकवली. आकडा आला 11.6. तीच पिन त्यांनी बोटभर बाजूला, त्याच पोलवर आवळलेल्या वायरच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) टेकवली, तेव्हा आकडा 10.4 वर आला. एका बोल्टच्या सांध्यात 1.2 व्होल्ट नाहीसे होत होते. त्यांनी मला लगला बोट लावून पाहायला सांगितले. तो चटका बसण्याइतका तापला होता.

बोल्ट सोडल्यावर आत निळसर-हिरवट बुरा साचलेला दिसला, आणि त्याच्यावरच जेलीचा तो नवा थर होता. इन्व्हर्टर साधारण साडेदहा व्होल्टच्या आसपास स्वतःला बंद करतो, आणि त्याला बॅटरीचे खरे व्होल्टेज न दिसता या सांध्यापलीकडचे दिसते, म्हणून बॅटरीत वीज शिल्लक असतानाही तो वीस मिनिटांत थांबत होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी पुढे समजावून सांगितली: हाच सांधा चार्जिंगच्या वेळीही आड येतो, इन्व्हर्टरला 14.4 व्होल्ट दिसतात आणि बॅटरी भरली असे त्याला वाटते, प्रत्यक्षात बॅटरीपर्यंत तेवढे पोहोचलेलेच नसते. असे महिनोन्‌महिने चालले की आतल्या प्लेटवर सल्फेटचा थर धरू लागतो आणि बॅटरीत वीज कमी मावते. “काकू, बॅटरी मेलेली नाही, उपाशी आहे,” असे ते म्हणाले.

हे पडताळण्यासाठी त्यांनी ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधले ॲसिड वर ओढून आकडे वाचले आणि मी ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले. पाच सेल 1.190 च्या आसपास होते, टोकाचा एक 1.160 होता. अशी बॅटरी नीट भरलेली असेल तर हा आकडा 1.240 च्या जवळ असावा लागतो. टोकाच्या सेलमधले पाणी प्लेटच्या वरच्या काठाखाली गेले होते. तिथे त्यांनी प्लेट बुडेल एवढेच डिस्टिल्ड वॉटर घातले आणि उरलेले पाणी पूर्ण चार्जनंतरच घालायचे असे बजावले, कारण चार्ज होताना पातळी वर चढते आणि आधीच काठोकाठ भरले तर ॲसिड बाहेर येते.

पन्नास किलोहून जड असलेली ती बॅटरी दोन माणसांनी जिन्यावरून उतरवून दुकानात नेली आणि दोन दिवस कमी करंटवर, सगळ्या सेलचे आकडे वाढायचे थांबेपर्यंत चार्ज केली. परत आली तेव्हा पाच सेल 1.235 वर आणि टोकाचा 1.205 वर होता. लग नवे बसवले, पोल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडे केले, आणि जेली या वेळी सांधा घट्ट आवळून झाल्यावर लावली. कपाटाच्या दारांना खाली-वर झरोके पाडायला लावले, ते मला फार योग्य वाटले. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, आणि आम्ही चार वर्षे ते कपाट घट्ट बंद ठेवले होते.

या सगळ्याचे 1,150 रुपये झाले. आता त्याच लोडवर सव्वादोन तास मिळतात, पूर्वीसारखे तीन नाहीत, आणि हे असेच होईल असे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले होते. टोकाचा सेल पूर्ण सावरणार नाही, वर्षभराने बॅटरी बदलावी लागेल, तोपर्यंत पैसे साठवा, असा त्यांचा सल्ला होता. त्या क्षणी मला नवी बॅटरी विकणे त्यांना सहज शक्य होते, कारण ती त्यांच्या दुकानात समोरच ठेवलेली होती.

तक्रारीही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. दोन दिवस बॅटरी दुकानात असताना बदली बॅटरी त्यांनी दिली नाही. घरात आजारी माणूस असेल तर हे दोन दिवस फार कठीण जातात आणि आम्हाला शेजाऱ्यांच्या घरून वायर ओढावी लागली. मोजलेले आकडे त्यांनी लिहून दिले नाहीत. आणि सर्वांत काळजीची गोष्ट म्हणजे ॲसिड हाताळताना त्यांच्या हातात मोजे नव्हते, डोळ्यांवर चष्मा नव्हता. मी तसे म्हटल्यावर त्यांनी चाळीस वर्षांच्या सवयीचे कारण सांगितले, पण त्यांच्याबरोबरचा मुलगा विशीचाही नव्हता, आणि त्याच्या डोळ्यांसाठी तरी दुकानाने ही व्यवस्था करायला हवी.

मी स्वतः एक साधा हायड्रोमीटर विकत घेतला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सहाही आकडे त्याच कॅलेंडरच्या मागे लिहिते. टोकाचा सेल ऑगस्टमध्ये 1.205 होता, ऑक्टोबरमध्ये 1.200 आहे.