ठोकलेल्या जुन्या गाडीवर वर्षभर वापरलेला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर

पुढून डाव्या बाजूला ठोकलेली, बॉनेट वाकडं, एक हेडलाइट गायब, चेक इंजिनचा दिवा कायम पेटलेला आणि उभी केली की थडथडणारी अशी एक जुनी पेट्रोल गाडी मी वर्षापूर्वी घेतली. स्वस्तात मिळाली हे एक कारण, पण खरं कारण म्हणजे एक गाडी स्वतःच्या हाताने चालती करायची माझी फार वर्षांची इच्छा होती. मी मेकॅनिक नाही, पाने-पक्कड धरायला घरीच शिकले, आणि या वर्षात जी हत्यारं घेतली त्यातलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात जास्त वापरलेलं म्हणजे हा काडेपेटीएवढा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीने स्वतःच नोंदवलेले बिघाड फोनवर दाखवणारं यंत्र. त्याच्याबद्दल सविस्तर लिहायचं कारण असं की बहुतेक लोक तो घेतात, एकदा बिघाडाचा कोड वाचतात, कोड खोडतात आणि डिकीत टाकून देतात, आणि मीही पहिले दोन महिने तेच केलं.

आधी वस्तू काय आहे ते. स्टिअरिंगच्या खाली, पायांच्या वर कुठेतरी १६ पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात हा खोचायचा, इग्निशन ऑन करायचं, फोनवर अॅप उघडायचं आणि गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, काय बघतोय ते आपल्याला दिसतं. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना हे सॉकेट सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, त्यामुळे स्वस्तात मिळणारी जुनी गाडी असली तरी बऱ्याचदा ते असतं. आत जी चिप असते तिचं नाव ईएलएम३२७, मूळची एका कॅनेडियन कंपनीची. त्यांची सुरुवातीची आवृत्ती कॉपी होऊ नये असं संरक्षण न ठेवताच बाजारात आली आणि मग जगभर नकलांचा पूर आला. आज दुकानात 'ईएलएम३२७' म्हणून जे मिळतं ते बहुतेक नक्कलच असतं. 'आवृत्ती १.५' असं छापलेलं दिसलं तर समजा की मूळ कंपनीने तशी आवृत्ती कधी काढलीच नव्हती.

मी पहिला घेतला तो सगळ्यात स्वस्त. कोड वाचायला चालला, पण लाइव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असतानाचे सेन्सरचे आकडे, लावला की दोन मिनिटांत कनेक्शन तुटायचं, काही आकडे यायचेच नाहीत, आणि मला आधी वाटलं की गाडीचंच वायरिंग गेलंय! त्यात एक अख्खा रविवार गेला, सॉकेटच्या ४ नंबरच्या पिनला अर्थिंग आणि १६ नंबरला बॅटरीचा करंट येतोय का ते मल्टिमीटरने तपासत बसले, दोन्ही ठणठणीत. मग थोडा महाग दुसरा आणला, तो पहिल्या झटक्यात जोडला गेला आणि आजपर्यंत एकदाही लटकला नाही. म्हणून पहिला सल्ला हाच, की सगळ्यात स्वस्त घेऊ नका, एक पायरी वरचा घ्या. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला बघून घ्या, आणि वायफायवाला जोडलेला असताना बऱ्याचदा फोनचं इंटरनेट बंद पडतं हेही माहीत असू द्या.

आता मुद्द्याचं. गाडी आणली त्याच दिवशी कोड वाचला, पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. ज्याला त्याला विचारलं, सगळ्यांचं एकच, ऑक्सिजन सेन्सर गेला असेल, बदलून टाक. बदलला. सायलेन्सरच्या पाइपात गंजून बसलेला जुना सेन्सर काढायला दोन दिवस लागले, हात सोलवटले, कोड खोडला, दिवा विझला, मला इतका आनंद झाला की काय सांगू. चौथ्या दिवशी दिवा परत. तोच पी०१७१.

त्या सेन्सरची काहीच चूक नव्हती. तो फक्त सांगत होता की धुरात ऑक्सिजन जास्त येतोय, आणि मी निरोप्यालाच बदलून टाकलं, निरोप तसाच राहिला. कोड म्हणजे पार्टचं नाव नाही ही गोष्ट त्या दिवशी पक्की कळली. पी०४२० आला म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाच असं नाही, मागच्या सेन्सरच्या अलीकडे पाइपाला भोक असलं तरी तो येऊ शकतो. पी०३०१ म्हणजे एक नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय एवढंच, मग ते प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की कॉम्प्रेशन गेल्यामुळे ते तुम्ही शोधायचं. (कॉइल असेल तर स्वस्तातली युक्ती आहे, एक आणि दोन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पी०३०२ झाला तर कॉइलच.)

मग मी पहिल्यांदा लाइव्ह डेटाकडे नीट बघितलं. त्यात फ्युएल ट्रिम नावाचे दोन आकडे असतात, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म, दोन्ही टक्क्यांत. ईसीयू आपल्या ठरलेल्या हिशोबापेक्षा किती पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते हे आकडे सांगतात, शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती आणि लाँग टर्म म्हणजे रोजच्या चालण्यातून त्याने लक्षात ठेवलेली सवय. दोघांची बेरीज शून्याच्या आसपास, साधारण अधिक-उणे १० च्या आत असली की ठीक. माझ्या गाडीत आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, लाँग टर्म अधिक १९ आणि शॉर्ट टर्म अधिक ६, म्हणजे २५ टक्के जास्त पेट्रोल ओतून ईसीयू कशीबशी गाडी चालू ठेवत होता. आणि २५०० आरपीएमला रेस धरली की हीच बेरीज ७ वर उतरायची.

इथेच सगळं आहे बघा. पेट्रोल पंप किंवा फिल्टर दमलेला असता तर रेस दिल्यावर, चढावर, जोर पडल्यावर आकडा वाढला असता, कारण तेव्हा पेट्रोल जास्त लागतं. माझा आकडा रेस दिल्यावर कमी होत होता, म्हणजे कुठून तरी चोरून हवा आत येतेय, आयडलिंगला मुळात हवाच थोडी लागते त्यामुळे चोरीच्या हवेचा वाटा मोठा, रेस दिली की मोजून येणारी हवा भरपूर आणि चोरीची तेवढीच, म्हणून तिचा वाटा नगण्य. (हे हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीचं सांगतेय. नुसता मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाचा, दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरच्या गाडीत गळतीने मिश्रण फारसं पातळ होत नाही, आयडलिंग मात्र चढतं, तिथे हा हिशोब तसाच लावू नका.)

दादाला फोनवर शॉर्ट टर्मचा आकडा बघत गाडीत बसवलं, गाडी आयडलिंगला ठेवली आणि मी मॅनिफोल्डला जाणारे रबरी होज एकेक करून गुळगुळीत तोंडाच्या पकडीने हलकेच दाबत गेले. ब्रेक बूस्टरचा दाबला, काही फरक नाही. पेट्रोलच्या वाफांचा बारका होज, काही नाही. मग क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातून, वाफा ओढून आणणारा पीसीव्हीचा जाड होज मॅनिफोल्डजवळ दाबला आणि आतून दादा ओरडला, "अगं थांब थांब, उणे पंधरा झालं!" थडथड एकदम थांबली होती, मला बाहेर आवाजावरूनच कळलं. उणे १५ का, तर लाँग टर्मचे १९ अजून तसेच जोडलेले होते आणि गळती बंद झाल्यावर शॉर्ट टर्मला ते जास्तीचं पेट्रोल कापावं लागत होतं. होज काढून उलटा केला, खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी चीर, वरून बघून जन्मात दिसली नसती. ठोकर बसली तेव्हा एअर फिल्टरचा डबा मागे सरकून त्या होजवर आदळला असणार, डब्याच्या कडेचा वळ रबरावर उमटलेला होता. हातभर रबरी पाइप आणि दोन क्लिपा, एवढीच दुरुस्ती. तो क्षण आठवला की अजून अंगावर काटा येतो, खरंच सांगते.

आणि सगळ्यात जास्त हळहळ कशाची वाटली असेल तर फ्रीझ फ्रेमची. कोड पडतो त्या क्षणी ईसीयू आजूबाजूचे आकडे गोठवून ठेवतो. माझ्या पहिल्याच दिवसाच्या फ्रेममध्ये वेग ०, आरपीएम ७८०, इंजिन गरम असं स्वच्छ लिहिलेलं होतं, म्हणजे बिघाड आयडलिंगचा आहे हे मला तेव्हाच सांगितलं गेलं होतं. कोड खोडला की हीसुद्धा पुसली जाते, म्हणून खोडायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, नेहमी.

दुसरं मोठं काम स्कॅनरने केलं ते पाण्याच्या तापमानाचं. रेडिएटर बदलून कूलंट भरला, हवा काढली आणि गाडी उभ्या उभ्या गरम करत ठेवली. डॅशबोर्डचा काटा अगदी मध्यावर, शांत. फोनवर मात्र ९६, ९९, १०२, १०६ अंश आणि पंखा काही फिरेना! लगेच बंद केली. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की मधल्या मोठ्या टप्प्यात तो हलतच नाही, उगाच लोक घाबरू नयेत म्हणून, पण ठोकलेल्या गाडीत तो शांतपणा महागात पडतो. पंख्याच्या कनेक्टरची एक पिन ठोकरीत मागे सरकली होती. नुसत्या काट्यावर विसंबून राहिले असते तर हेड गॅस्केट गेलं असतं. तेव्हापासून सवय लावून घेतलीय, सकाळी पहिला सेल्फ मारायच्या आधी इग्निशन ऑन करून कूलंट आणि आत येणारी हवा या दोन्हींचं तापमान बघायचं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे हवेत, नसले तर एक सेन्सर खोटं बोलतोय.

आता जे जमत नाही ते. खोक्यावर 'सर्व सिस्टिम' असं काहीसं लिहिलेलं असतं, ते खरं नाही. साध्या स्कॅनरला आणि साध्या अॅपला फक्त इंजिनचे सर्वसाधारण कोड दिसतात. माझा एबीएसचा दिवा पेटलेला होता, स्कॅनरला त्याचा पत्ताच नाही, शेवटी डाव्या चाकाच्या सेन्सरची तुटलेली वायर मल्टिमीटरनेच सापडली. एअरबॅगचंही तेच. आणि एअरबॅगच्या बाबतीत मी हात लावला नाही, पूर्ण स्कॅनर असलेल्या जाणकाराकडे गाडी नेली. तुम्हीही न्या, त्या पिवळ्या वायरींवर मल्टिमीटर लावून बघायचा मोह होतो पण मीटरच्या करंटनेही एअरबॅग उडू शकते. चॅसी वाकलीय का, तळाला गंज किती, कॉम्प्रेशन किती, यातलं काहीही हा सांगणार नाही. जुन्या गाडीत, जिथे डेटासाठी ७ नंबरच्या पिनवरची के-लाइन ही जुनी तार आहे, तिथे डेटा फार हळू येतो, वीस आकडे एकदम लावू नका, तीन-चारच निवडा.

गाडी घ्यायला जाताना मात्र हा खिशात असायलाच हवा, मला हे माझ्या गाडीनंतर कळलं. मैत्रिणीसाठी एक गाडी बघायला गेलो, विकणारा म्हणाला एकही दिवा पेटत नाही, आणि खरंच नव्हता पेटत. अॅपमध्ये रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते सांगणारी यादी, उघडली तर कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफा सगळे 'अपूर्ण', आणि कोड खोडल्यापासूनचं अंतर ९ किलोमीटर. म्हणजे आम्ही यायच्या आधी कोणीतरी कोड पुसले होते. बॅटरी काढल्यावरही हे असंच दिसतं, म्हणून लगेच खोटारडा ठरवू नका, पण बॅटरी का काढली होती ते विचारा आणि चार-पाच दिवस चालवून झाल्यावर परत बघायला या म्हणा. त्या माणसाला उत्तर देता आलं नाही, आम्ही परत आलो.

एक काळजी घ्या, काम झालं की काढून ठेवा. १६ नंबरच्या पिनला गाडी बंद असतानाही करंट असतो, दोन आठवडे उभ्या गाडीत तसाच राहिला तर अशक्त बॅटरी उतरते. शिवाय बऱ्याच स्वस्त ब्लूटूथवाल्यांचा पासवर्ड १२३४ असतो, शेजारच्या कोणाच्याही फोनला तो जोडता येतो.

पाचपैकी चार. एक तारा 'सर्व सिस्टिम' या खोट्या छपाईसाठी कापला. काल परत बघितलं, आयडलिंगला लाँग टर्म अधिक २.