परदेशातल्या भुलाबाईसाठी गावाकडची खिरापत

मी जर्मनीतील एका विद्यापीठात शिकवते. तेथील हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात आणि कोजागिरीही बहुधा त्याच सुमारास येते, म्हणून विद्यार्थ्यांना घरी बोलावून भुलाबाई (शंकर-पार्वतीची मूर्ती मांडून गाणी म्हणण्याचा विदर्भातला मुलींचा सण) मांडायचे मी यंदा ठरवले आणि खिरापतीचे सारे साहित्य वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातील आमच्या गावच्या महिला बचत गटाकडून मागवले. मूर्ती सुट्टीहून परतताना मी सोबत आणलीच होती; ज्वारीच्या पाच धांड्यांच्या जागी मक्याची धांडी उभी केली.

गटाने मागणी घेण्याआधी नियम विचारले, हे मला फार आवडले. युरोपीय संघाबाहेरून खासगी पार्सलने दुधाचे व मांसाचे पदार्थ पाठवता येत नाहीत, त्यामुळे पेढे, खव्याच्या करंज्या आणि तुपातले लाडू बाद झाले. "पोरी, दूध तिकडचंच घे, मसाला आमी देतो," असे गटातल्या काकू म्हणाल्या. बदाम, चारोळी, वेलची, जायफळ आणि थोडी वायगावची हळद घालून कुटलेल्या त्या मसाल्याने दुकानातल्या साध्या दुधालाही घरच्या कोजागिरीची चव आणली. या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुधाला चढलेला गडद पिवळा रंग पाहून ते योग्यच वाटले.

खरी समज दिसली ती डब्यांत. खिरापत आवाजावरून ओळखायची असते, हे लक्षात ठेवून त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या न वापरता लहान पत्र्याचे डबे निवडले, आणि प्रत्येक डबा थोडा रिकामा ठेवला. फुटाणे खणखणत होते, शेव नुसती सळसळत होती, मुरमुऱ्याचे लाडू हलकेच आपटत होते. शंकरपाळ्यांचा डबा तर मुलांनी हातोहात फिरवला आणि बराच वेळ कोणालाच ओळखता आला नाही. गटातील एका आजींनी भुलाबाईची गाणी म्हणून ती ध्वनिमुद्रित करून पाठवली होती. टिपऱ्यांऐवजी लाकडी पळ्या घेऊन मुलांनी त्यांच्या तालावर फेर धरला, तेव्हा मूळचा कार्यक्रम कसा असतो हे मला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

मात्र एक उणीव गंभीर आहे. कोणत्याही डब्यावर घटकांची चिठ्ठी नव्हती. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ज्या 14 ॲलर्जीकारक घटकांची नोंद वेष्टनावर करावी लागते, त्यांत शेंगदाणे आणि तीळ दोन्ही आहेत, आणि आपल्या खिरापतीत तर हेच दोन जागोजागी असतात. पाहुण्यांत शेंगदाणे वर्ज्य असलेली एक विद्यार्थिनी होती. मी गटाला फोन करून एकेक पदार्थ विचारला आणि मगच तिच्यासमोर डबे ठेवले. घरगुती मालाला चिठ्ठी कशाला, असे गावात वाटणे स्वाभाविक आहे, पण परक्या मुलांना जेवू घालताना ती हवीच. तिळाच्या लाडवांचा चुरा झाला, त्याचे मला फारसे वाटले नाही. पुढच्या वेळी त्या डब्यात कागद कोंबला की पुरे.

टपालखर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त पडला, आणि तरीही पुढील वर्षी मी या गटाकडूनच मागवणार आहे. ज्यांची लेक, सून किंवा भाऊ परदेशात शिकवतो, त्यांनी पोळ्याच्या आतच मागणी द्यावी, कारण पार्सल सीमाशुल्कात अडकले तरी कोजागिरीपर्यंत हाती येते.